ट्रंककाका

रविवारी संध्याकाळी सात ते पावणेआठ या वेळात आमच्या इमारतीत कोणी मिक्सर लावत नाही. सोसायटीच्या नियमावलीत असं काही लिहिलेलं नाही. पण त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर ट्रंककाकांचा न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल चालू असतो, आणि खाली कुणाचा मिक्सर घरघरला की काका गॅलरीत येऊन ओरडतात, “लाइनवर डिस्टर्बन्स येतोय!” मिक्सरचा आणि अमेरिकेचा संबंध काय, असं मी सुरुवातीला एकदा विचारून पाहिलं. त्यावर त्यांनी मला अर्धा तास व्होल्टेज, अर्थिंग आणि राउटरचा लुकलुकणारा हिरवा दिवा असं सगळं समजावलं. पहिल्या मजल्यावरच्या चटणीने तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लुकलुकतो हे मला आजही पटलेलं नाही. पण रविवारची चटणी मी साडेसहालाच वाटून ठेवतो.

मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार आले की जिन्याखालच्या फळ्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना लागते. नोव्हेंबरची अशी : ‘आजपासून अमेरिकेत घड्याळ एक तास मागे. सबब मिक्सर बंदची वेळ आठ ते पावणेनऊ. सर्वांनी नोंद घ्यावी. आ. न.’ दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची गाडी हाकणारा पोरगा, सगळे ती सूचना वाचून पुढे जातात. अमेरिकेचं घड्याळ खडूने लिहिणारी इमारत साताऱ्यात दुसरी नसावी.

ट्रंककाका हे नाव कुणी ठेवलं हे कुणाला आठवत नाही. काकांना ते ठाऊक आहे आणि, खरं सांगायचं तर, आवडतंही. चौऱ्याहत्तर साली ते टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून चिकटले. दिवसाच्या पाळीला बायका आणि रात्रपाळीला पुरुष, अशी तेव्हाची वाटणी. त्यामुळे काकांचं तारुण्य रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात, कानाला हेडफोन आणि समोर भोकाभोकांचा बोर्ड असं गेलं. एका भोकात एका माणसाची दोरी, दुसऱ्यात दुसऱ्याची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंगचा दर ऐकला की अर्धे लोक मुकाट्याने ऑर्डिनरीवर येत. पुढे एसटीडी आलं, बोर्ड गेला, 2000 साली खात्याचं बीएसएनएल झालं, काका निवृत्त झाले. पण डोक्यातला बोर्ड काही कुणी काढून नेला नाही.

त्यामुळे हातात मोबाइल असो, टॅब असो, नाही तर जावयाने पाठवलेला लॅपटॉप, काकांच्या लेखी तो ट्रंक कॉलच असतो. पहिला पुरावा म्हणजे आवाज. पूर्वी मद्रासला बोलायचं तर निम्मं अंतर घशानेच कापावं लागे, ती सवय. “हॅलोऽऽ! ऐकू येतंय काऽऽ?” ही हाक न्यू जर्सीला पोचण्याआधी पोवई नाक्यावर पोचलेली असते. लेक तिकडून म्हणते, “बाबा, मी कानात लावलंय, हळू बोला.” काका दोन वाक्यं हळू बोलतात. तिसऱ्याला पुन्हा मद्रास.

दुसरा पुरावा ‘ओव्हर’. बोलणं संपलं की ओव्हर म्हणायचं, मगच समोरच्याने तोंड उघडायचं, असा त्यांचा घरात दंडक आहे. हसण्यासारखं वाटतं, पण त्यामागे शास्त्र आहे, आणि ते सांगताना काकांचा चेहरा उजळतो. परदेशचे कॉल पूर्वी उपग्रहावरून जात. जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली. म्हणजे तुमचं ‘कशी आहेस’ पोचायला पाव सेकंद आणि तिचं ‘बरी आहे’ परत यायला आणखी पाव. त्या अर्ध्या सेकंदात अधीर माणूस पुन्हा ‘कशी आहेस’ म्हणतो, मग दोघंही एकदम बोलतात, मग दोघंही एकदम थांबतात. आता कॉल समुद्राखालच्या केबलमधून जातात आणि उशीर बराच कमी झाला. तरी नेट मंदावलं की तीच गाठ बसते. ओव्हर म्हणा, गाठ सुटते. काकांची नात तिकडे शाळेत जाते. तिने एकदा जेवताना “आय वॉन्ट मोर राइस, ओव्हर” असं म्हटल्याचं लेकीने कौतुकाने कळवलं होतं. काका आठवडाभर ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

आता ही तयारी बघा. सात वाजताच्या कॉलसाठी काका सव्वासहाला कामाला लागतात. मोबाइल हातात धरून बोलणं त्यांना मंजूर नाही. हात हलतो, चित्र हलतं, समोरच्याला भोवळ येते. म्हणून जेवणाच्या टेबलावर एक पाट, पाटावर पोह्यांचा स्टीलचा डबा आणि डब्याला टेकून, खाली घसरू नये म्हणून पुढे वरवंटा आडवा लावून, मोबाइल उभा करायचा. उंची डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. ही उंची साधायला त्यांना दोन महिने लागले. पहिले काही रविवार न्यू जर्सीकरांनी फक्त काकांच्या नाकपुड्या आणि आमच्या इमारतीतल्या पंख्याचं एक पातं पाहिलं. नंतर एकदा काका कॉल चालू असतानाच सवयीने मोबाइल कानाला लावून बोलायला लागले, आणि लेकीच्या घरी मोठ्या टीव्हीवर, पाहुणे बसलेले असताना, बत्तीस इंचभर काकांचा कान दिसला. “केस होते आजोबांच्या कानात,” असं नातीने शुद्ध मराठीत सगळ्यांना सांगितलं.

मग उजेड. काका आधी खिडकीला पाठ करून बसत. मागे अजिंक्यताऱ्यावरचं मावळतीचं ऊन आणि पुढे काकांची काळी आकृती. वर्तमानपत्रात साक्षीदाराचा चेहरा झाकून छापतात, तसे ते दिसत. काकूंनीच एकदा सुचवलं, “अहो, तोंड खिडकीकडे करा की.” काकांनी ते केलं आणि पुढे तो शोध स्वतःच्या नावावर सगळ्या सोसायटीला शिकवला. काकूंनी हरकत घेतली नाही. बेचाळीस वर्षांत त्यांचे बरेच शोध असेच गेले आहेत.

राउटरची गोष्ट तर वेगळीच. तो बसवणाऱ्या पोराने फ्रिजच्या मागे ठोकला होता, वायर कमी लागावी म्हणून. काका तीन दिवस घरभर मोबाइल घेऊन फिरले. रेषा मोजल्या. वहीत घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत किती रेषा ते लिहिलं. मग राउटर दिवाणखान्यात, गणपतीच्या फोटोशेजारी उंचावर नेला. “लहरींना लोखंड आवडत नाही सर,” ते मला म्हणाले, “आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तर मुळीच नाही. दोघांची फ्रिक्वेन्सी एकच, दोन पॉइंट चार.” हे मात्र अगदी खरं होतं. वायफायचा जुना पट्टा आणि ओव्हन एकाच लहरीवर चालतात. दुसरा पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्यातून सुटतो, पण तो भिंतीपलीकडे फार जात नाही. आमच्या इमारतीत कोणाकडे ओव्हन नाही याचं काकांना थोडं वाईटच वाटलं असावं. असता तर तोही रविवारी बंद करता आला असता.

मी शाळेत शिकवतो, म्हणून मी त्यांचा ‘सर’. आमची खरी ओळख झाली ती 2020 च्या टाळेबंदीत. मी स्वयंपाकघरात बसून नववीच्या वर्गाला भूमिती शिकवत होतो आणि सगळ्या मुलांचे माइक उघडे. कुणाकडे कुकरच्या शिट्ट्या, कुणाकडे म्हैस, कुणाची आजी मोठ्याने विचारतेय, “तो मास्तर जेवला का?” तेवढ्यात वरून, थेट जिन्यातून, हाक आली, “सर! सगळ्यांना म्यूट करा! होस्ट तुम्ही आहात!” काकांनी माझ्या वर्गाची लिंक माझ्याच बायकोकडून मागून घेतली होती आणि ते ‘अभय दहावी ब’ या नावाने मागे बसून सगळं पाहत होते. वर्ग नववीचा होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला बसवून घेतलं. “मी आत आलो तेव्हा तुम्ही विचारलंत का, बाबा रे तू कोण? लिंक काय, गावभर फिरते. कुणीही घुसेल, वाटेल ते दाखवेल. दाराबाहेर बसवा एकेकाला. नाव विचारा. ओळख पटली की आत.” झूमवाल्यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पासवर्ड आणि बाहेर थांबायची खोली आपोआप चालू केली होती, कारण जगभर असेच आगंतुक घुसत होते. पण काकांना ते कुणी सांगावं लागलं नाही. ट्रंक बुकिंगला नाव-नंबर घेतल्याशिवाय दोरी न लावणारा माणूस तो.

बुकिंगची ती हौस ते दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भागवून घेतात. त्यांच्या खात्यातल्या निवृत्त मंडळींची झूमवर बैठक असते, काका होस्ट. साताऱ्याचे, कराडचे, फलटणचे, मुलाकडे बंगळुरूला जाऊन राहिलेले, असे पंधरा-सोळा जण. मी एकदा मागे बसून पाहिलं. प्रत्येक जण आधी बाहेर थांबतो. काका एकेकाला आत घेतात आणि मोठ्याने म्हणतात, “कऱ्हाड जोडलं!” “फलटण जोडलं!” बंगळुरूचे गृहस्थ हेडफोन लावत नाहीत. शिवाय त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी दुसऱ्या मोबाइलवरून त्याच बैठकीत असतात. मग एकाच्या स्पीकरमधून निघालेला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, पुन्हा बाहेर येतो, पुन्हा शिरतो आणि कोल्हेकुई सुरू होते. “एका खोलीत दोन उघडे माइक म्हणजे एका चुलीवर दोन सासवा!” काका ओरडतात. “वहिनी, तुम्ही बंद करा आणि त्यांच्या खुर्चीत बसा.” वहिनी म्हणतात, “ह्यांच्या खुर्चीत ह्यांना मावत नाही, मी कुठे बसू?” फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची हद्द असते. इतर मंडळी त्याबद्दल कुरकुरतात, पण ही माणसं नाहीत. आयुष्यभर “तीन मिनिटं झाली, वाढवायचंय?” असं विचारत आलेल्यांना चाळीस मिनिटं म्हणजे चैन. पस्तिसाव्या मिनिटाला काका घड्याळ पाहून सवयीने तेच विचारतात, आणि सोळाजण सोळा खिडक्यांतून एका सुरात म्हणतात, “नको, चार्ज पडेल!” दर महिन्याला तोच विनोद, आणि दर महिन्याला तेवढंच हसू.

काकांनी दोन मयती केल्या आहेत, असं ते सांगतात. एक तारेची. जुलै 2013 मध्ये तार बंद झाली, तेव्हा त्यांनी शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून स्वतःलाच तार केली. ती फ्रेम करून भिंतीवर आहे. दुसरी स्काइपची. लेक अमेरिकेला गेली तेव्हा पहिली दहा वर्षं तिचं तोंड दिसलं ते स्काइपवर. 5 मे 2025 ला ते बंद झालं. त्या दिवशी काकांनी लॅपटॉप उघडला, निळ्या खुणेकडे थोडा वेळ पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. काकूंनी चहा आणला तर म्हणाले, “साखर नको आज.” काकांना मधुमेह आहे. साखर तशीही नसते.

आता टिकलीबद्दल सांगायला हवं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणी चोरून पाहू शकतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि काकूंच्या पाकिटातली एक मरून टिकली कॅमेऱ्यावर लावली. उपाय साधा, स्वस्त आणि अचूक. काही लॅपटॉपना सरकवायचं झाकण येतं, ते नसेल तर टिकली काय, चिकटपट्टी काय, काम तेच. लॅपटॉप सौभाग्यवती झाला म्हणून काकू हसल्या. पण पुढच्या शनिवारी बैठकीत सगळे सांगायला लागले, “साहेब, तुम्ही दिसत नाही.” काकांनी कॅमेरा बंद-चालू केला. राउटर बंद-चालू केला. लॅपटॉप बंद-चालू केला. फलटणकरांना फोन करून सेटिंगमधल्या परवानग्या तपासल्या. तीस मिनिटं अशी गेल्यावर काकू टेबल पुसायला आल्या, त्यांनी टिकली काढली, नखाने, सहज, आणि स्वतःच्या कपाळावर लावली. “आता दिसताय,” कराड म्हणालं. उरलेली दहा मिनिटं काका काहीच बोलले नाहीत.

हे सगळं वाचून तुम्हाला हा एक विक्षिप्त म्हातारा वाटेल, आणि आहेच. असा एक माणूस आता प्रत्येक सोसायटीत निघतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पण लिंक उघडेना की सगळे त्याचंच दार वाजवतात, आणि तो दार उघडताना चष्मा लावूनच येतो. मीही काकांना बरीच वर्षं ह्याच खणात ठेवलं होतं. त्या मंगळवारपर्यंत.

सकाळी अकराचा सुमार. मी सुट्टीवर होतो आणि पेन्शनच्या कुठल्याशा फॉर्मसाठी वर गेलो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल आला, फोटोत अशोकस्तंभ. काका एरवी अनोळखी व्हिडिओ कॉल घेतच नाहीत. एका मित्राला असा एक कॉल आला होता, पलीकडे एक बाई होती, कॉल पाच सेकंदांचा, आणि त्यानंतर त्या मित्राच्या चेहऱ्याचा व्हिडिओ दाखवून आठ दिवस पैसे मागणं चाललं होतं. तेव्हापासून काकांनी अनोळखी कॉल मुके करण्याची सोय चालू करून ठेवली होती. ती त्या आठवड्यात नवीन मोबाइल घेतल्यामुळे राहून गेलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगठा कॅमेऱ्यावर दाबला आणि कॉल घेतला.

पलीकडे खाकी गणवेश. मागे तिरंगा, भिंतीवर कसली तरी पाटी. तुमच्या आधार नंबरवर मुंबईत पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमच्यावर वॉरंट निघालंय, आत्तापासून तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. हे सगळं हिंदीत, दमात. माझ्या पोटात खड्डा पडला. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये याच फसवणुकीवर बोलून सावध केलं होतं, कायद्यात असली अटक नाहीच, कोणतीही यंत्रणा व्हिडिओवर चौकशी करून पैसे मागत नाही, हे सगळं मी वर्गात मुलांना सांगितलेलं. तरी पडला. गणवेश आणि दम यांची सवय आपल्या हाडात असते.

काकांनी चष्मा सारखा केला. “पी. पी. कॉल आहे की ऑर्डिनरी?”

पलीकडचा थांबला. “क्या?”

“पर्टिक्युलर पर्सन. किससे बात करनी है? नाम बोलिए. पूरा.”

त्याने नाव सांगितलं. काकांचं आडनाव चुकलं होतं.

“आपका नाम? हुद्दा? थाने का लँडलाइन नंबर? मैं बुकिंग लिख लेता हूँ. लाइन मिलते ही मैं खुद वहाँ फोन लगाऊँगा.” आणि खरोखर वही उघडून लिहायला लागले.

तो चिडला. कॅमेऱ्यावरचा अंगठा काढा, स्क्रीन शेअर करा, बँकेचं अ‍ॅप उघडा, रक्कम पडताळणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका, नाही तर तासाभरात गाडी येईल. बोलता बोलता तो पुढे झुकला आणि त्याच्या डाव्या खांद्याचा तुकडा तिरंग्यात विरघळला. मग परत उगवला. काका माझ्याकडे वळून, अगदी मद्रासच्या आवाजात, म्हणाले, “सर, पाहिलंत? मागचं चित्र खोटं आहे. आमची छोटी मागे समुद्र लावते, तेव्हा तिचा पण कान असाच जातो.”

पलीकडे शांतता. काका घड्याळाकडे बघत होते. “तीन मिनट हो गए. बढ़ाना है?” असं विचारलं, उत्तराची वाट पाहिली नाही आणि दोरी काढली. म्हणजे लाल बटण दाबलं, पण हाताची हालचाल दोरी उपटल्याचीच होती.

नंतर त्यांनी तो नंबर ब्लॉक केला आणि संचार साथीच्या पोर्टलवर जाऊन ‘चक्षू’त तक्रार टाकली. पैसे गेले असते तर 1930 वर लगेच फोन करायचा, जितक्या लवकर तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. पैसे गेले नव्हते, फक्त खोटा कॉल आला होता, आणि अशा कॉलची वर्दी द्यायची जागा ती चक्षू. “टेलिफोन खात्याचं आहे,” काका फॉर्म भरताना म्हणाले, “आपलंच.” मग पाणी प्यायले. पेला ठेवताना तो टेबलावर दोनदा वाजला. हात थरथरत होता, हे मी तेव्हा पाहिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांना असाच कॉल आला आणि त्यांनी तो उचलून धरला. दोन दिवस. रात्री झोपतानाही मोबाइल उशाशी उभा, कॅमेरा चालू. शेजारच्या खोलीत बायको होती, तिलाही बोलले नाहीत. मुदत ठेव मोडली, पैसे गेले. गल्लीत हळूहळू कुजबुज झाली, शिकलेला माणूस असा कसा फसला म्हणून. काका त्यांच्याकडे गेले, मला घेऊन. मला वाटलं, आता नियम सांगणार. एक शब्द नाही. कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला, तासभर बसले, पावसाबद्दल बोलले, पेन्शनच्या फरकाबद्दल बोलले. निघताना त्या गृहस्थांचा हात धरून एवढंच म्हणाले, “तुमच्या लाइनवर ऑपरेटर नव्हता हो.”

घरी येताना मी विचारलं, म्हणजे काय. काका राजवाड्याच्या कोपऱ्यावर थांबले. “आमच्या वेळी दोन माणसं बोलायची तेव्हा मध्ये एक तिसरा बसलेला असायचा. मी. लोकांना वाटायचं, हा चोरून ऐकतो. ऐकायचोच. पण रात्री दोन वाजता कुणी घाबरलेला असला तर त्याला माहीत असायचं, लाइनवर अजून एक जण जागा आहे. आता हे लोक आधी तेच करतात. मधला माणूस काढून टाकतात. कुणाला सांगू नका म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना होती : ‘कॉलवर कोणीही पैसे, ओटीपी अथवा स्क्रीन मागितल्यास कॉल तोडून तिसऱ्या मजल्यावर यावे. रात्री दोन वाजता आले तरी चालेल. आ. न.’ रात्री दोनला अजून कोणी गेलेलं नाही. संध्याकाळी मात्र चार जण जाऊन आले. त्यातला एक मी. माझ्या मावसभावाच्या आवाजात, दवाखान्यातून बोलतोय, लगेच पैसे टाक, असा फोन आला होता. काकांनी मला त्याच्या जुन्या नंबरवर उलट फोन लावायला लावला. मावसभाऊ वडापाव खात होता.

आता आवाजाची आणि चेहऱ्याचीही नक्कल होते हे कळल्यापासून काकांनी घरात परवलीचा शब्द ठेवला आहे. कॉल लागला की ते आधी तो विचारतात. लेक एकदा कामाच्या गडबडीत विसरली, तर तिला “ओळख पटत नाही, जरा थांबा” असं सांगून त्यांनी खरोखर फोन ठेवला. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. नातीला मात्र तो शब्द कायम पाठ असतो. मला तो माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. काका हे वाचतील.

गेल्या रविवारी माझा घोळ झाला. पाहुणे अचानक यायचे होते, शेंगदाण्याची चटणी संपलेली आणि घड्याळात पावणेआठ उलटून गेलेले. नियमाप्रमाणे मिक्सर लावायला हरकत नव्हती, तरी विचारून घ्यावं म्हणून वर गेलो. दार उघडंच होतं. पाट, पोह्यांचा डबा, वरवंटा, सगळं जागच्या जागी. काका आणि काकू टेबलापाशी बसले होते. काकू मटार सोलत होत्या. मोबाइलच्या पडद्यावर न्यू जर्सीतलं एक स्वयंपाकघर दिसत होतं. रिकामं. ओट्यावर दुधाचा कॅन, खिडकीत सकाळचं ऊन, खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं एक छोटं गुलाबी जाकीट. मधूनच कुणाचा तरी हात येऊन टोस्टरमधून पाव काढून गेला. कुठून तरी आतून नातीचा आवाज येत होता, ती बहुतेक मोजे शोधत होती.

“कॉल संपला नाही?” मी हळूच विचारलं.

“बोलणं संपलं,” काका म्हणाले. “ते विसरले बंद करायला.”

“मग तुम्ही करा की. कॅमेरा चालू ठेवायचा नाही, हा नियम तुमचाच.”

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्यात ती पोर धावत आली, एकच मोजा घातलेली, जाकीट ओढून घेतलं आणि निघून गेली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. काकू मटार सोलायच्या थांबल्या होत्या, त्या पुन्हा सोलू लागल्या.

मी खाली आलो. माळ्यावरून खलबत्ता काढला, खाली जुनं पोतं दुमडून ठेवलं आणि चटणी हळूहळू कुटली.